जुने क्विल्ट ब्लॉक बघून नवी क्विल्ट शिवताय? मग या चुका टाळा

आमच्या इथे ओहायोत उन्हाळा आला की घरोघरी जुन्या सामानाचे सेल लागतात, तशाच एका सेलमध्ये बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मला सात क्विल्ट ब्लॉक मिळाले. ब्लॉक म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेला चौकोन, असे बरेच जोडले की क्विल्ट, म्हणजे इकडची पांघरायची रजई, तयार होते. सगळे एकाच हातचे, सुईदोऱ्याने शिवलेले, तपकिरी आणि गडद निळे तुकडे आणि मधेमधे शर्टाचं बारीक रेघांचं पांढरट कापड. ब्लॉक शिवून होतात पण क्विल्ट काही होत नाही, अशांना इथे ऑर्फन ब्लॉक म्हणतात, अनाथच. डिझाइनचं नाव चर्न डॅश. चर्न म्हणजे लोणी काढायचं भांडं आणि डॅश म्हणजे त्यात घुसळायचा दांडा, म्हणजे आपली रवीच की! मधे एक चौकोन, त्याच्या चारी बाजूंना दुरंगी पट्ट्या आणि चार कोपऱ्यांत त्रिकोण. आजीच्या स्वयंपाकघरात खांबाला दोरीने बांधलेली रवी बघितलीय मी, त्यामुळे नाव कळल्यावर तो डबा सोडवेना.

त्या सातातला एक मी आठवड्याभरात घालवला. आता माझ्या बघण्यात असं बऱ्याच जणींचं होतं, इकडे राहणाऱ्या मराठी मैत्रिणींचं पण आणि पुण्यात बसून ऑनलाइन जुने ब्लॉक मागवणाऱ्यांचं पण, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आणल्या आणल्या धुऊ नका

जुन्या कपड्याला वास येतो, पिवळे डाग असतात, आणि आपल्याला बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात ठेववत नाही. मी एक ब्लॉक जाळीच्या पिशवीत घालून मशीनमध्ये टाकला, गार पाणी, सगळ्यात हलकी सायकल. बाहेर आला तेव्हा निळं कापड जसंच्या तसं, पांढरं तर छान उजळलेलं, आणि तपकिरी चारही त्रिकोणांची चाळणी. नुसते उभे धागे लोंबत होते, आडवे गेलेलेच.

कारण नंतर समजलं. एकोणिसाव्या शतकात तपकिरी आणि काळे रंग पक्के करायला लोखंडाचे क्षार वापरायचे, आणि तेच लोखंड सुती धागा हळूहळू खात राहतं. म्हणून एकाच ब्लॉकमधे, एकाच वयाचं, शेजारी शेजारी शिवलेलं कापड एक धडधाकट आणि एक विरलेलं असं असू शकतं. कधी कधी तर छापील कापडातली फक्त तपकिरी फुलंच गळून पडतात आणि बाकी कापड शाबूत राहतं.

त्यामुळे आधी ब्लॉक उजेडासमोर धरून बघा, कुठे विरळ दिसतंय का. मग प्रत्येक रंगाचं कापड वेगवेगळं, दोन बोटांच्या चिमटीत धरून अगदी हलकं ताणा. चर्र असा बारीक आवाज आला की थांबा, तो ब्लॉक धुवायचा नाही. लाल असेल तर आतल्या बाजूला ओल्या पांढऱ्या कापसाने टिपून बघा. टर्की रेड नावाचा जुना लाल फार पक्का, पण १८८४ मधे काँगो रेड हा कृत्रिम लाल आला आणि त्यानंतरचे बरेच स्वस्त लाल पाणी लागलं की पसरतात नाहीतर विटून गुलाबी होतात. क्रेझी क्विल्टचे, म्हणजे वेड्यावाकड्या आकाराचे रेशमी तुकडे जोडलेले ब्लॉक, जे १८८० च्या दशकात खूप झाले, ते तर पाण्याजवळ नेऊच नका. रेशीम जड वाटावं म्हणून त्यात धातूंचे क्षार भरायचे, ते आता घडीवर आपोआप तडकतं. नुसता वास असेल तर सावलीत जाळीवर आडवं पसरून दोन दिवस हवा द्या, बऱ्यापैकी जातो.

जुनं कापड नव्यात शिवायचा मोह

इथे आपली मराठी माणसं हमखास फसतात आणि त्याला कारण आहे. आपण गोधडीवर वाढलोय. गोधडीत जुनीच लुगडी, जुनीच धोतरं, आणि ती वर्षानुवर्षं टिकते, मग जुना ब्लॉक का नाही टिकणार असं वाटतं. पण गोधडी टिकते ती थरांमुळे आणि टाक्यांमुळे. जुन्या कापडाचे चार-पाच थर आणि बोटा-बोटावर धावदोरा, म्हणजे विरलेल्या कापडावर ताण येतच नाही, तो शेजारच्या टाक्यांवर वाटला जातो. पॅचवर्कच्या क्विल्टमधे वरचा थर एकेरी असतो आणि प्रत्येक तुकडा पाव इंचाच्या मायेवर (शिवणीबाहेर सोडलेल्या कापडावर) शेजारच्या तुकड्याला लटकलेला असतो. त्यात एक तुकडा शंभर वर्षांचा आणि शेजारचा नवाकोरा घट्ट विणीचा असला की नवा जुन्याला शिवणीपाशी फाडतो. पहिल्या दोन-तीन धुण्यातच दिसतं ते.

१९३० च्या आसपासचे ब्लॉक बऱ्याचदा दणकट असतात, पिठाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या छापील पोत्यांचं कापड, त्या काळी बायका ते उसवून धुऊन वापरायच्या. पोत्याची शिवण उसवल्याच्या भोकांची ओळ कधी कधी अजून दिसते. असे ब्लॉक ताणून बघितले आणि टिकले तर वापरा, पण मागून पातळ मलमलचं अस्तर हाताने टाचून घ्या. बाकी सगळे ब्लॉक बघायला ठेवा आणि नव्या कापडाने शिवा. माझे उरलेले सहा ब्लॉक मी तसेच ठेवलेत आणि त्यांच्यावरून ९ इंची ३० ब्लॉक शिवले, ५ बाय ६ ची मांडणी.

दिसतो तो रंग खरा धरू नका

जुन्या ब्लॉकमधला खाकी रंग खूप जणींना आवडतो, शोधून शोधून तसंच कापड आणतात. तो खाकी बऱ्याच वेळा मुळात हिरवा असतो! साधारण १८७५ नंतर आलेले कृत्रिम हिरवे उजेडाने आणि धुण्याने उडाले. ब्लॉक उलटा करा, शिवणीतली माया दोन बोटांनी हलकेच उघडा, आत जिथे ऊन पोचलं नाही तिथे बघा. माझ्या एका ब्लॉकमधे पट्टी बाहेरून मळकट गुलाबी आहे आणि मायेत आत चक्क डाळिंबी लाल. मग मूळ शिवणाऱ्या बाईने शिवला तेव्हा तो ब्लॉक किती झगझगीत असेल.

आणि म्हणूनच नवी क्विल्ट जुनी दिसावी म्हणून चहाच्या पाण्यात बुडवायची जी टूम आहे ती मला अजिबात पटत नाही. चहातलं टॅनिन आम्लधर्मी, ते कापडाचं आयुष्य कमी करतं, आणि रंगही एकसारखा राहत नाही, ठिकठिकाणी डाग पडल्यासारखा दिसतो. त्या बाईने नवीन, ताजी, रंगीत क्विल्ट करायला घेतली होती. तिच्याकडून घ्यायचं तर गडद कुठे ठेवलाय, फिका कुठे ठेवलाय, कुठल्या रंगाशेजारी कुठला आणलाय हे घ्या. फोनवर ब्लॉकचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा, लगेच कळतं. माझ्या सातातल्या दोन ब्लॉकमधे तिने गडद-फिक्याची अदलाबदल केलीय, त्यामुळे त्यात रवी दिसायच्या ऐवजी मधली मोकळी जागाच पुढे येते, आणि सगळे एकत्र मांडले की नजर एका जागी थांबतच नाही.

मोजमाप, इथे सगळ्यात जास्त कापड वाया जातं

टोकापासून टोकापर्यंत टेप लावली, आकडा आला, त्यावरून कापलं, असं करू नका. जुन्या ब्लॉकची माया एकसारखी नसते, माझ्या ब्लॉकमधे कुठे पाऊण सूत तर कुठे तीन सूत आहे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), वर कापड आटलेलं असतं, कडा ओढल्या गेलेल्या असतात. मधला तुकडा शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजा आणि मग बाकीचे तुकडे त्याच्या किती पट आहेत ते बघा. म्हणजे ब्लॉक किती घरांच्या जाळीवर बसवलाय ते कळतं. चर्न डॅशमधेच दोन प्रकार सापडतात, एक ३ बाय ३ घरांचा, त्यात मधला चौकोन आणि कोपरे सारख्याच मापाचे, आणि दुसरा ५ बाय ५ चा, त्यात कोपरे दोन घरांचे आणि मधला चौकोन एकाच घराचा छोटासा. लांबून सारखेच वाटतात. तीन घरांचा असेल तर ९ किंवा १२ इंच सोयीचं, पाच घरांचा असेल तर १०. बेअर्स पॉ म्हणून अस्वलाच्या पंजाचा ब्लॉक आहे तो सात घरांचा, तो १२ इंचात बसवायला गेलात तर एक घर १.७१ इंचाचं येतं आणि डोकं फिरतं, १४ घ्या.

९ इंची चर्न डॅशला मधला चौकोन कापायचा ३ १/२ इंचाचा, पट्ट्या २ बाय ३ १/२ च्या. कोपऱ्याच्या त्रिकोणांना मात्र ३ १/२ चा चौकोन तिरका कापला तर कमी पडणार, तिथे ३ ७/८ लागतो, कारण तिरक्या कडेलाही माया हवी. मी तर सरळ ४ इंचाचे कापते, शिवते आणि मग ३ १/२ ला छाटते. भारतातून शिवणाऱ्यांनी इंच आणि सेंटीमीटर एकाच ब्लॉकमधे मिसळू नका, सेंटीमीटरमधल्या पॅटर्नची माया वेगळी धरलेली असते.

ब्लॉक माये सकट ९ १/२ यायला हवा आणि ९ १/४ येतोय, ही तर नेहमीची तक्रार. आडव्या ओळीत दोनच शिवणी आहेत ना, पण प्रत्येक शिवणीत दोन्हीकडून १/१६ जास्त गेला की एका शिवणीत १/८ आणि दोन्ही मिळून पाव इंच गेलाच. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडून इस्त्री करून बघा, एकूण साडेतीन इंच आणि मधली बरोबर १ इंच आली पाहिजे, कमी आली तर पाव इंचापेक्षा एक दोरा कमी माया धरून शिवा. इस्त्री पण घासू नका, वरून दाबा, घासली की उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, कडा लांबते आणि मग ब्लॉक बशीसारखा वाकतो. उरेब तुकड्यांना कापायच्या आधी खळ दिली तर हा त्रास जवळपास संपतोच.

जुनेच दणकट ब्लॉक जोडायचे असतील आणि मापं वेगवेगळी असतील तर सगळ्यात लहानाच्या मापाला बाकीचे छाटू नका, बाजूच्या पट्ट्या बारीक होऊन रवीचा आकारच बिघडतो. प्रत्येकाला दीड इंची पट्टीची चौकट लावा आणि मग चौकट छाटा. ९ १/४ पासून ९ ७/८ पर्यंतचे ब्लॉक असतील तर चौकटीनंतर सगळे ११ इंचाला आरामात छाटता येतात.

सगळं कापड एकाच गठ्ठ्यातलं घेऊ नका

जुन्या डिझाइनची नवी कापडं मिळतात, सुंदर असतात, पण एकाच कलेक्शनमधली सगळी घेतली की फुलं एकाच मापाची, रंग एकाच रांगेतले, आणि क्विल्ट चादरीसारखी सपाट दिसते. माझ्या ब्लॉकपैकी एकात तीन पट्ट्या एका निळ्याच्या आणि चौथी दुसऱ्याच निळ्याची आहे, कापड संपलं असणार. एका त्रिकोणाचं टोक वेगळ्या चिंधीने जोडलंय, रेघा जुळवायचा प्रयत्न केलाय पण अर्धी रेघ वर गेलीय. त्या ठिकाणी मी किती वेळ बघत बसते सांगू. नवी शिवताना मी मुद्दाम सहा-सात निळे घेतले, त्यात एक बाबांचा जुना शर्ट आणि एक बारीक बुट्ट्यांचं इंडिगो कापड होतं. आधी धुऊन घेतलं, इंडिगोचा रंग पांढऱ्याला लागतो.

गोष्टींवर लगेच विश्वास ठेवू नका

चर्न डॅशलाच मंकी रेंच म्हणतात, होल इन द बार्न डोअर पण म्हणतात. एकाच डिझाइनला दहा नावं आणि एकाच नावाची तीन डिझाइनं, कारण १८८९ पासून कॅटलॉगवाल्यांनी आणि पुढे वर्तमानपत्रांनी आपापली नावं दिली, कॅन्सस सिटी स्टारने तर १९२८ ते १९६१ पॅटर्न छापले. म्हणून शोधताना दोन-तीन नावांनी शोधा. विकणारे कधी कधी सांगतात की गुलामगिरीतून पळणाऱ्यांना मंकी रेंच ब्लॉक खूण म्हणून कुंपणावर टाकायचे. ही गोष्ट १९९९ मधे एका पुस्तकाने सगळीकडे पोचवली, पण त्या काळातला कुठलाच पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. ज्यांनी ते भोगलं त्यांचा इतिहास खरा सांगितला जावा असं मला मनापासून वाटतं, तेव्हा क्विल्ट कुणाला भेट देताना ही गोष्ट जोडून देऊ नका. वयाचंही तसंच, एका ब्लॉकमधलं सगळ्यात नवीन कापड धरायचं, कारण बायका चिंध्या तीस-तीस वर्षं साठवायच्या. काळ्या (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली चमकलं म्हणजे नवीनच असंही नाही, जुनं कापड आजच्या डिटर्जंटने धुतलं असेल तरी चमकतं.

आणि नव्या क्विल्टला मागे लेबल शिवा. पन्नास वर्षांनी कुणी ती जुनी समजून विकत घेऊ नये. माझ्या लेबलवर मराठीत लिहिलंय: रवीची क्विल्ट, ओहायोत सापडलेल्या सात ब्लॉकवरून, शिवणारीचं नाव माहीत नाही. खाली माझं नाव आणि वर्ष.