सायमन डी माँटफोर्ट वर्गात कसा शिकवायचा (खुर्च्या मांडून)

मागच्या वर्षी मी फळ्यावर 'सायमन, इंग्लंडच्या पार्लमेंटचा जनक' लिहून मोकळा झालो, पोरांनी पेपरात तेच उतरवलं, का आणि कसं विचारलं की सगळे गप. यंदा खुर्च्या मांडून खेळवलं आणि जमलं, म्हणून सांगतोय.

आधी एका पोराला राजा करा, तिसरा हेन्री. शेजारी सायमन, लेस्टरचा अर्ल (म्हणजे बडा सरदार), मूळचा फ्रान्सचा आणि राजाच्या बहिणीचा नवरा. म्हणजे राजाचा दाजीच की! आमच्या सातारच्या पोरांना दाजी म्हटलं की भांडण किती घरातलं आहे ते लगेच कळतं. 1258 ला सरदारांनी ऑक्सफर्डला राजाकडून कबूल करून घेतलं, 15 जणांचं मंडळ आणि वर्षातनं 3 वेळा पार्लमेंट. पुढं राजानं पोपकडनं ऑक्सफर्डच्या त्या शपथेतून सुटका करून घेतली, ते पटकन सांगून पुढं सरका, तिथं रेंगाळलात तर मागचे बाक झोपतात. 14 मे 1264, लुईसची लढाई, राजा आणि युवराज एडवर्ड दोघंही दाजीच्या ताब्यात.

आता खुर्च्या. 20 जानेवारी 1265 चं पार्लमेंट. कौंटीच्या जागी तालुका धरा, आपले 11, प्रत्येकी 2 नाइट (बड्या सरदारांच्या खालचे लढवय्ये जमीनदार) म्हणजे 22 पोरं. मग कराड, वाई, फलटणचे 2-2 व्यापारी, हे शहरवाले. बिशप-मठवाले भिंतीकडं बसवा, ते भरपूर होते. बडे सरदार मात्र मुद्दाम थोडेच ठेवा, कारण खरोखर 23 च बोलावले होते, बाकीचे बरेच सायमनवर फिरले होते. इथं थांबून विचारा, मग शहरवाल्यांना बोलावणं का गेलं? आमच्यात एक पोरगी म्हणाली, "सर, मोठी माणसं संगं नव्हती म्हणून." बास, धडा झाला.

नाइट आधीही आले होते, 1254 ला, करासाठी, नवी होती ती शहरांची खुर्ची. आणि हिरो करून ठेवू नका, 1231 ला यानंच लेस्टरमधून ज्यू लोकांना हाकललं होतं, तेही सांगा.

शेवटी एडवर्डला दारातनं पळू द्या, पोरांना हे लय आवडतं. 4 ऑगस्ट 1265 ला ईव्हशॅमला सायमन पडतो. मग विचारा, शहरवाल्यांच्या खुर्च्या उचलायच्या का? सगळे उचला म्हणतात. उचलू द्या, आणि मग '1295 चं पार्लमेंट' लिहून त्याच एडवर्डला, आता तो राजा, त्या परत मांडायला लावा.