ध्रुवीय आयनांबराच्या नोंदी वाचताना या चुका टाळा

विजेच्या ट्रामगाड्या मुंबईत येणार आणि कुलाब्याच्या चुंबकमापकांना त्यांचा उपद्रव होणार, हे आधीच ओळखून १९०४ साली अलिबागला चुंबकीय वेधशाळा सुरू करण्यात आली. सूर्यावरच्या वादळाने हलणारी सुई रस्त्यावरच्या ट्रामनेही हलते, हे त्या पिढीला पक्के ठाऊक होते. आज कोकण किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांतून एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी अंटार्क्टिकातील मैत्री व भारती किंवा आर्क्टिकमधील हिमाद्री या केंद्रांच्या परिसरातील आयनांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या उंचावरच्या विद्युत्भारित थरांच्या, नोंदी घेऊन बसणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

मी स्वतः ती विसरलो होतो. रत्नागिरीत घराच्या गच्चीवर जीपीएस रिसीव्हर बसवला आणि संध्याकाळी आठच्या सुमारास, समुद्रावर मावळत जाणाऱ्या एका उपग्रहाचा संकेत ठळकपणे लुकलुकताना, म्हणजे झपाट्याने कमीजास्त होताना पाहून, आयनांबरातले प्लाझ्माचे (विद्युत्भारित वायूचे) बुडबुडे सापडले असे वहीत लिहूनही टाकले. आठवडाभराने आलेख एकाखाली एक लावले, तेव्हा ती लुकलुक रोज चार मिनिटे आधी येत सात दिवसांत अर्ध्या तासाने अलीकडे सरकली होती. जीपीएस उपग्रहांची आकाशातली मांडणी सुमारे २३ तास ५६ मिनिटांनी पुन्हा तशीच होते, आयनांबर मात्र सूर्याच्या घड्याळावर चालते. म्हणजे दोष आकाशाचा नव्हता, समुद्राच्या पाण्यावरून आणि शेजारच्या पडवीवर पावसाळ्यासाठी घातलेल्या पत्र्यावरून परावर्तित होणाऱ्या संकेताचा होता. ध्रुवीय केंद्रांवर पत्र्याची जागा बर्फ घेतो. शिवाय जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी फक्त ५५ अंश कललेल्या असल्यामुळे तिथे उपग्रह थेट डोक्यावर कधी येतच नाहीत आणि बराचसा वेळ क्षितिजाजवळच असतात. क्षितिजापासून ३० अंशांखालच्या उपग्रहांची निरीक्षणे वगळली तर हाती फार काही उरत नाही ही तक्रार खरी आहे, पण ती वगळावीच.

सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रत्येक लुकलुकीमागे एकच अस्थिरता, म्हणजे प्लाझ्मा विसकटवणारी एकच प्रक्रिया, शोधणे. आपल्याकडे सूर्यास्तानंतर एफ थर, म्हणजे आयनांबराचा वरचा थर, आणखी वर उचलला जातो, त्याच्या खालच्या बाजूची घनता झपाट्याने ओसरते आणि जड द्रव हलक्या द्रवावर तोलून धरल्यासारखी अवस्था होऊन रॅले-टेलर अस्थिरतेतून विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर चढतात. त्यासाठी चुंबकीय क्षेत्ररेषा जवळजवळ आडव्या असाव्या लागतात. ध्रुवाजवळ त्या जवळजवळ उभ्या असतात, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाला तिथे ती भूमिका उरत नाही. तिथल्या एफ थरात दाट प्लाझ्माचे शेकडो किलोमीटर रुंदीचे पुंजके दिवसाच्या बाजूकडून रात्रीच्या बाजूकडे वाहतात आणि त्यांची मागची कड घनतेच्या उतारावर पोसल्या जाणाऱ्या अस्थिरतेने विसकटते. त्याखालच्या ई थरात, साधारण १०० ते १२० किलोमीटर उंचीवर, कारण आणखी निराळे असते: आयन हवेच्या रेणूंशी होणाऱ्या टकरींत अडकून पडतात, इलेक्ट्रॉन मात्र विद्युत्क्षेत्रामुळे वाहत राहतात, आणि दोहोंमधला सापेक्ष वेग आयन-ध्वनीच्या (प्लाझ्मातल्या ध्वनिलहरींच्या) वेगापलीकडे, म्हणजे सेकंदाला सुमारे ४०० मीटरपलीकडे गेला की फार्ले-बुनेमन अस्थिरता सुरू होते. गंमत अशी, की १९६३ साली फार्ले यांनी ती मांडली ती विषुववृत्तावरच्या रडार-प्रतिध्वनींचा उलगडा करताना. म्हणजे ही पाहुणी मुळात आपल्याच पट्ट्यातली.

यातूनच रडारच्या नोंदींतली एक चूक उद्भवते. फार्ले-बुनेमन अस्थिरतेतून उठणाऱ्या लहरींचा डॉप्लर वेग (रडार-प्रतिध्वनीच्या वारंवारतेतील बदलावरून काढलेला वेग) आयन-ध्वनीच्या वेगापाशी घोटाळतो, त्यामुळे तोच इलेक्ट्रॉनांचा वेग धरून विद्युत्क्षेत्र काढले, तर प्रखर क्षेत्रही बेताचेच दिसते. सरसकट हा आकडा वापरणारे प्रकल्प-अहवाल मी पाहिले आहेत.

मैत्री आणि भारती ही दोन्ही केंद्रे जवळपास ७० अंश दक्षिण अक्षांशावर आहेत, म्हणून त्यांच्या नोंदी एकत्र करून सरासरी काढण्याचा मोह होतो. परंतु चुंबकीय अक्षांश, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांच्या हिशेबाने मोजलेला अक्षांश, मैत्रीचा सुमारे ६३ अंश आणि भारतीचा सुमारे ७५ अंश येतो. मैत्री बहुधा ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याच्या विषुववृत्ताकडील बाजूला राहते. भारती दिवसभरात त्या पट्ट्याच्या ध्रुवाकडील भागातून ध्रुवीय टोपीत, म्हणजे त्या पट्ट्याने वेढलेल्या ध्रुवाभोवतालच्या प्रदेशात, जा-ये करते. अशा सरासरीला अर्थ उरत नाही. वेळही भारतीय प्रमाणवेळेत न मांडता चुंबकीय स्थानिक वेळेत, म्हणजे चुंबकीय ध्रुवाच्या संदर्भात सूर्याच्या दिशेवरून मोजलेल्या वेळेत, मांडावी.

शेवटची चूक सॉफ्टवेअरमध्येच भरून येते. संकेताच्या कलेतील (फेजमधील) लुकलुक मोजण्यापूर्वी संथ बदल गाळण्यासाठी ०.१ हर्ट्झची मर्यादा ठरलेली असते आणि ती कोणी बदलत नाही. ३५० किलोमीटर उंचीवरच्या प्लाझ्मात जीपीएसच्या मुख्य वारंवारतेचे विवर्तन, म्हणजे खरी लुकलुक घडवणारे लहरींचे पसरणे, मुख्यतः ३६५ मीटरपर्यंतच्या रचनांमुळे होते. या रचना आपल्याकडे सेकंदाला साधारण १०० मीटरने सरकतात, म्हणजे संबंधित वारंवारता ०.३ हर्ट्झच्या आसपास येते आणि ती मर्यादा चालून जाते. ध्रुवावर वेग सेकंदाला १००० मीटरपर्यंत चढला की हीच वारंवारता २.७ हर्ट्झ होते, आणि ०.१ हर्ट्झच्या गाळणीतून कित्येक किलोमीटर आकाराच्या रचनांमुळे होणारे साधे अपवर्तनही (लहरींचे नुसते वळणे) लुकलुक म्हणून आत शिरते. मग तीव्रता स्थिर असताना कला मात्र थयथयाट करताना दिसते आणि विद्यार्थी त्यावर नव्या अस्थिरतेचा सिद्धांत रचू लागतो. अशा वेळी मर्यादा ०.३ आणि मग १ हर्ट्झ करून तोच तास पुन्हा काढावा आणि प्लाझ्माचा वेग शेजारच्या रडारवरून तपासून घ्यावा.