स्वतःचे गाणे प्रसिद्ध करताना सोबत्यांवर भरवसा कसा ठेवावा

सोलापुरात स्वतःची गाणी करणाऱ्याजवळ बहुधा शब्द आणि चाल एवढेच असते. ढोलकी वाजवणारे एखाद्या भजनी मंडळातले असतात, गायिकेच्या घरी कन्नड किंवा तेलुगू बोलली जाते आणि संगीत संयोजक पुण्यात बसून संगणकावर काम करतो. त्यामुळे दुसऱ्यांवर भरवसा ठेवावा की नाही हा प्रश्नच उरत नाही, तो ठेवावाच लागतो. मात्र कोणावर कोणत्या गोष्टीसाठी विसंबायचे, हे पहिली ओळ ध्वनिमुद्रित होण्याआधी कागदावर आले पाहिजे. कागद केला की माणसे दुरावतात असे अनेकांना वाटते. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

प्रथम गाण्यात कोणकोणते हक्क असतात ते समजून घ्यावे. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. या तिन्हींचे मालक वेगवेगळे असू शकतात. शब्द आणि चाल यांचा हक्क कृती निर्माण होताच मिळतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्या निर्मात्याकडे जातो. म्हणून खर्च तुम्ही करत असाल, तर निर्माते तुम्हीच आहात असे स्पष्ट लिहावे. हक्क दुसऱ्याला द्यायचे असल्यास कलम 19 प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना आणखी एक संरक्षण दिले: ध्वनिमुद्रणात आलेल्या आपल्या कृतीच्या रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क ते वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (सदस्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था) यांच्याखेरीज कोणालाही देऊन टाकू शकत नाहीत. तेव्हा ‘सगळे हक्क कायमचे’ असे वाक्य असलेल्या कागदावर घाईने सही करू नये, आणि आपल्या सोबत्यांपुढेही तसा कागद ठेवू नये.

आपसातला कागद एका पानाचा पुरे. शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाला ठरावीक मानधन आणि कोणाला उत्पन्नातला किती टक्के वाटा, श्रेयनामावलीत नाव कसे छापायचे, संयोजनात किती वेळा बदल मागता येतील आणि मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा, एवढे त्यात असावे. यांपैकी श्रेयाचा मुद्दा मी एकदा गृहीत धरला आणि त्याची खंत अजून आहे. माझ्या एका गाण्यात अंतरा संपताच ढोलकीवादकांनी आपणहून एक तुकडा वाजवला. ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहिला तो तुकडाच. श्रेयनामावलीत मात्र मी त्यांचे नाव दिले नव्हते. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या ध्वनिमुद्रणाला आले नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली आणि वितरकाकडून, म्हणजे गाणे ऑनलाइन ऐकण्याच्या सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडून, नोंद दुरुस्त करून घेतली. नोंद सुधारली, ते पुन्हा वाजवायला यायला मात्र बराच काळ गेला.

कागद झाला की हात मागे घ्यायला शिकावे. संयोजकाला साध्या आवाजातली, तानपुरा आणि ठेका एवढ्यावर गायलेली प्रत पाठवावी, पट्टी आणि लय लिहून द्यावी, गाण्याचा भाव चार ओळींत सांगावा आणि पहिला आराखडा येईपर्यंत मध्ये बोलू नये. ही प्रत घरी केली तरी चालते; सोलापुरात यंत्रमागांच्या पूर्व भागात राहत असाल आणि मागे यंत्रमागाचा आवाज आला तरी बिघडत नाही, कारण ती फक्त दिशा दाखवण्यासाठी असते. अंतिम आवाज मात्र शांत स्टुडिओतच घ्यावा.

गायिकेच्या बाबतीत एक गोष्ट आग्रहाने सांगतो. मराठीतील च आणि ज यांचे दोन उच्चार लिपीत दिसत नाहीत. ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ यांतला च एक नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे लिहायला सारखे आणि म्हणायला वेगळे. म्हणून शब्द नुसते लिहून न पाठवता स्वतःच्या आवाजात सावकाश वाचून पाठवावेत. त्यानंतर हरकती, श्वासाच्या जागा आणि स्वर लांबवणे गायिकेवर सोडावे. तिच्या गळ्यात बसलेली जागा तुमच्या मनातल्या जागेपेक्षा पुष्कळदा चांगली निघते.

काम संपल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक वाद्याचे आणि आवाजाचे स्वतंत्र ट्रॅक, तसेच पूर्ण गाण्याची 24 बिटची वेव्ह फाइल (आवाज न दाबलेली, उच्च दर्जाची प्रत) मागून घ्यावी आणि दोन ठिकाणी जपून ठेवावी. संयोजकाची हार्ड डिस्क बंद पडली तर पुढे काहीच सुधारता येत नाही.

प्रसिद्धीची तारीख निदान 4 आठवडे पुढची धरावी. स्पॉटिफाय या गाणी ऐकण्याच्या ॲपच्या संपादकांकडे त्यांच्या प्लेलिस्टसाठी गाणे सुचवायचे तर ते किमान 7 दिवस आधी पाठवावे लागते. गाण्यासोबत दिसणारे मुखपृष्ठाचे चित्र 3000 बाय 3000 पिक्सेलचे असावे, भाषा मराठी निवडावी आणि नावाचे शुद्धलेखन सर्वत्र एकच ठेवावे; समान नावाच्या दुसऱ्या कलाकाराच्या पानावर आपले गाणे गेलेले मी पाहिले आहे. संक्रांतीला सोलापुरात ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा असते. त्या आठवड्यात शांत गाणे आणू नये, शहराचे कान तेव्हा नंदीध्वजांकडे, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांकडे, असतात. गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या कॉपीराइट सोसायटीचे सदस्यत्व घेऊन गाण्याची नोंद तेथेही करावी.

गाणे आल्यावर त्याचा दुवा सर्वांत आधी सोबत काम केलेल्यांना पाठवावा. उत्पन्न किरकोळ असले तरी दर 6 महिन्यांनी वितरकाचे विवरणपत्र जसेच्या तसे वाटेकऱ्यांना द्यावे, आणि रक्कम 40 रुपये असेल तर तेवढीच, पण ठरलेल्या दिवशी पोहोचवावी.