ज्युनियर सिंक्रो संघ परदेशी स्पर्धेला निघालाय? या चुका टाळा

हिवाळा आला की साल्झबुर्ग, रूआँ, गोटेनबर्ग, नशतेल अशा युरोपातल्या ठिकाणी ज्युनियर सिंक्रोनाइज्ड स्केटिंगचे, म्हणजे संगीतावर एकसाथ रचना करत स्केटिंग करणारे, संघ उतरू लागतात. बर्फावर एका वेळी १६ जण आणि सोबत फार तर चार राखीव. सगळे स्पर्धेआधीच्या १ जुलैला किमान १३ वर्षांचे हवेत, आणि कुणाला १९ पूर्ण झालेली चालत नाहीत. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या एखाद्या मराठी घरातली मुलगी अशा संघात असेल, तर पालकांच्या डोक्यात बहुधा एकच भीती असते: ती पडली तर? खरं तर पडणं ही त्यातल्या त्यात स्वस्त चूक आहे. जास्त गुण जातात ते जिकडे कुणाचं लक्ष नसतं तिकडून.

रिंकची रुंदी न बघता सराव

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उत्तर अमेरिकेतल्या हॉकी रिंक साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असतात. युरोपातली स्पर्धा बहुतेक वेळा ६० बाय ३० मीटरवर होते. लांबी जवळपास तीच, पण रुंदीत चार मीटरचा फरक. वर्षभर अरुंद बर्फावर घोटलेला कार्यक्रम तिथे नेला की मुलींची ओळ मधेच संपल्यासारखी दिसते, आणि इंटरसेक्शनला (ओळी एकमेकींतून आरपार जातात त्या चालीला) समोरासमोरून येणाऱ्या दोन रांगा ठरलेल्या ठोक्यावर भेटतच नाहीत. मग मुली वेग वाढवतात. वेग वाढला की खांद्याची पकड सैल होते आणि ओळ वाकते.

उपाय दोन. पहिला म्हणजे निघण्याआधी काही सराव तरी ३० मीटरच्या बर्फावर करा. काही मोठ्या संकुलांत एक रिंक त्या मापाची असते. पहाटेची वेळ मिळाली तरी घ्या. दुसरा उपाय फुकटचा आहे, तरी फार कमी जण करतात. मुलींना आपली जागा कडेच्या कठड्यापासून मोजायला शिकवू नका, बर्फाच्या मध्यापासून मोजायला शिकवा. कठडा प्रत्येक गावात वेगळ्या अंतरावर असतो, मध्य मात्र सगळीकडे मध्यच.

याचंच धाकटं भावंड म्हणजे हॉकीच्या रेषा. रोजच्या सरावात निळी रेषा, लाल रेषा आणि वर्तुळं बघून जागा पकडायची सवय लागते. मोठ्या स्पर्धेत अनेकदा बर्फ सपाट पांढरा असतो, एकही रेषा नाही. अधिकृत सरावाची मोजकी मिनिटं मिळतात तेव्हा पहिल्याच मिनिटाला अवघड फिरकी करून दाखवायचा मोह आवरा. परीक्षक कुठे बसणार, दार कुठे आहे, बर्फाच्या मध्याच्या सरळ समोर प्रेक्षागृहात काय दिसतं, हे आधी बघून घ्या.

पडण्याची धास्ती, ओळीकडे दुर्लक्ष

एक जण पडली तर एका गुणाची वजावट होते, एकाच वेळी जास्त जण पडले तर ती वाढते. घटकाच्या (म्हणजे कार्यक्रमातल्या, गुण मिळवून देणाऱ्या ठरलेल्या रचनेच्या किंवा चालीच्या) दर्जाचे गुणही उतरतात, हे खरं. पण हा दर्जा प्रत्येक घटकाला उणे पाच ते अधिक पाच या पट्टीवर मोजला जातो. ब्लॉकमध्ये (एकामागे एक ओळींची चौकोनी रचना) अंतरं सारखी नसतील, व्हीलचे (चाकासारखी फिरणारी रचना) आरे वाकडे असतील, वर्तुळ अंड्यासारखं झालं असेल, तर कार्यक्रमभर घटकामागून घटकात थोडे थोडे गुण झिरपत राहतात. लेझीमच्या पथकात एकाचा हात उशिरा वर गेला की बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते, तसंच इथे. स्पर्धा जवळ आली की प्रशिक्षक अवघड फिरकीवर आणखी तास घालवतात. ते तास सरळ ओळ आणि सारख्या अंतरावर घालवले तर जास्त फळतात.

पण एखादी पडलीच तर? शेजारणीने हात द्यायला थांबायचं नाही. पडलेलीने आपल्या जुन्या जागेमागे धावायचं नाही, पुढच्या घटकात तिची जागा जिथे असणार तिथे सगळ्यात जवळच्या वाटेने जायचं. बाकीच्यांनी तिची जागा मोकळी ठेवायची, ती बुजवायला सरकायचं नाही. हे तोंडी सांगून जमत नाही. सरावात मधेच एकीला मुद्दाम बाहेर काढा आणि संगीत चालू ठेवा. दोन-तीनदा गोंधळ होईल, होऊ द्या.

पोशाखातले खडे

पोशाखावरचा खडा, पीस किंवा केसातली पिन बर्फावर पडली तर एक गुण कापला जाऊ शकतो. म्हणजे रडवणाऱ्या पडण्याची जी किंमत, तीच किंमत सुटलेल्या पिनेची. शिवाय खांद्याला खांदा लावून १६ जणी जातात तेव्हा बाहीवरची टोकदार टिकली शेजारणीच्या जाळीत अडकते. शिंपिणीकडून पोशाख आला की फक्त फोटो काढून ठेवून देऊ नका. तो घालून पूर्ण कार्यक्रम किमान काही वेळा करून घ्या. पकड जिथे येते, म्हणजे खांदे, कोपर आणि कंबर, तिथे चिकटवलेली सजावट नकोच. सुईदोऱ्याची छोटी पिशवी ड्रेसिंग रूममध्ये ठेवा.

वेळेचं गणित

स्पर्धेत दोन कार्यक्रम करायचे असतात, आधी छोटा शॉर्ट आणि मग लांब फ्री. ज्युनियर गटाचा फ्री कार्यक्रम साडेतीन मिनिटांचा, दहा सेकंद इकडे-तिकडे चालतं. शॉर्ट २ मिनिटे ५० सेकंदांच्या पुढे जाता कामा नये. घड्याळ पहिल्या हालचालीला सुरू होतं, पहिल्या सुराला नव्हे. शेवटची पोझ जास्त भावपूर्ण करायची म्हणून हात हळू खाली आणले आणि मर्यादा ओलांडली, तर दर पाच सेकंदांमागे एक गुण जातो. मोजणी स्टॉपवॉचवर करा, संगणकावरच्या फाइलच्या लांबीवर नको.

प्रवास आणि कागद

स्केटचे बूट चेक-इन बॅगेत टाकू नका. बॅग हरवली तर कपडे विकत मिळतात, पायाला बसलेले बूट मिळत नाहीत. पात्यांना धार असल्याने विमानतळानुसार नियम बदलतो, म्हणून जाता-येता दोन्ही देशांचे नियम आणि विमान कंपनीचं धोरण आधी बघा. धार लावायची ती निघण्याच्या काही दिवस आधी. अगदी आदल्या दिवशी लावलेली नवी धार बर्फाला चावते आणि पायाला ती ओळखीची नसते. प्रवासात पात्यांवर कापडी आवरण घाला. प्लॅस्टिकच्या गार्डमध्ये ओल राहते आणि गंज चढतो.

आता मराठी घरांना लागू पडणारी गोष्ट. संघातल्या बाकी मुलींकडे अमेरिकन पासपोर्ट, आणि तुमच्या मुलीकडे भारतीय, असं असू शकतं. मग नशतेल किंवा गोटेनबर्गसाठी तिला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून एकच असलेला) लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. त्याहून मोठी अडचण परत येताना असते. अमेरिकेचा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर युरोपातून तसंच परतता येत नाही. कॅनडा आणि मेक्सिकोच्या ३० दिवसांपर्यंतच्या फेरीला असलेली सवलत युरोपला लागू नाही. संघाच्या व्यवस्थापकाला हे ठाऊक असेलच असं धरून चालू नका, त्यांना तसा प्रश्न कधी पडलेलाच नसतो.

औषधांचंही तसंच. सर्दी झाली म्हणून घरातलं सिरप दिलं जातं. सूडोएफेड्रिन हा सर्दीच्या कित्येक औषधांतला घटक स्पर्धेच्या काळात ठराविक प्रमाणापुढे प्रतिबंधित आहे, आणि उत्तेजक चाचणी ज्युनियर खेळाडूंचीही होऊ शकते. गावाहून आलेली, वर घटक न छापलेली चूर्णाची पुडी तर बॅगेत ठेवूच नका. दम्याचा पंप लागत असेल तर डॉक्टरांचा कागद सोबत ठेवा आणि मात्रेची मर्यादा विचारून घ्या.

शॉर्ट आणि फ्रीमधली रात्र

शॉर्ट झाल्यावर गुणांचा तपशीलवार तक्ता मिळतो. संघ बहुतेक वेळा फक्त एकूण आकडा आणि क्रमांक बघतो, मग कुणी रडतं, कुणी नाचतं. तक्त्यात प्रत्येक घटकाला कोणता स्तर (अवघडपणाची पायरी) मिळाला तेही असतं. अपेक्षेपेक्षा खालचा स्तर मिळालेला घटक शोधा आणि फ्रीमध्ये त्याच प्रकारचा घटक असेल तर तेवढ्याच एका गोष्टीवर बोला. त्या रात्री नव्याने चाली बदलणं, जागांची अदलाबदल करणं हा शुद्ध वेडेपणा. अपवाद फक्त दुखापतीचा, आणि त्यासाठीच राखीव मुलींना प्रत्येकी निदान दोन-तीन जागा पूर्ण पाठ हव्यात. पाण्याच्या बाटल्या भरायला आणि जॅकेटं सांभाळायला म्हणून त्यांना आणलं असेल तर त्या रात्री ते उघडं पडतं.