काकडीची पानं पिवळी पडतायत? फवारणीआधी पान उलटून बघा

काकडीचं पान पिवळं दिसलं की आपल्याकडे बहुतेक वेळा दोनच गोष्टी होतात, एकतर दुकानात जाऊन "पान पिवळं पडलंय, काहीतरी द्या" म्हणायचं आणि मिळतील त्या तीन बाटल्या एकत्र कालवून मारायच्या, नाहीतर ग्रुपवर फोटो टाकायचा आणि मग दहा जण दहा औषधं सांगतात. हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. पान पिवळं पडायला सात-आठ वेगवेगळी कारणं आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. मुळं पाण्यात गुदमरलीत म्हणून पिवळा पडलेल्या वेलाला युरिया टाकणं म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. म्हणून पंप खांद्यावर घ्यायच्या आधी सकाळी एक चक्कर मारा आणि तीन गोष्टी बघा: पिवळं खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याकडच्या कोवळ्या, सगळं पान पिवळंय की डाग आहेत की फक्त शिरांमधला भाग, आणि पानाच्या मागे काय आहे. यातच निम्म्याहून जास्त निदान होतं.

आधी घाबरायचं नाही अशी पिवळी पानं सांगतो. बी उगवल्यावर पहिल्यांदा निघतात ती दोन जाडसर गोल पानं काही आठवड्यांनी पिवळी पडून गळतात, ते गळायचंच असतं. वेल मांडवावर चढला आणि तोडे सुरू झाले की बुडातली दोन-चार पानंही सावलीत पिवळी होतात, ती काढून टाका, हवा खेळती राहते.

आता पाणी. माझ्या मते घरच्या कुंड्यांमध्ये आणि काळ्या जमिनीत पिवळं पडण्याचं पहिलं कारण हेच असतं, आणि याच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. वेल भर दुपारी मलूल दिसतो म्हणून आपण पाणी देतो, पण ऊन तापलं की काकडीची मोठी पानं तशीही मान टाकतात आणि संध्याकाळी परत ताठ होतात. बुडापासून वीतभर लांब चार-पाच इंच उकरा, माती मुठीत दाबा, बोटांतून पाणी निघालं किंवा आंबूस वास आला तर मुळांना हवा नाहीये. पाणी थांबवा, कुंडीची खालची भोकं मोकळी करा, शेतात चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा, आणि चार दिवस कुठलंही खत देऊ नका. नवीन फूट हिरवी यायला लागली म्हणजे सावरलं. पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही बहुतेक वेळा, त्यामुळे त्याच्याकडे न बघता शेंड्याकडे बघायचं.

पाणी ठीक आहे आणि तरी खालची पानं सगळीच्या सगळी एकसारखी फिकट पिवळी होत वर वर चाललीत, वेल बारीक, फळं आखूड, तर नत्र कमी पडलंय. जोरदार पावसानंतर हमखास होतं कारण नत्र पाण्याबरोबर धुपून जातं. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला ३ ते ५ ग्रॅम घेऊन फवारलं की लवकर फरक दिसतो, पण फवारणीवर वेलाचं पोट भरत नाही, बुडाशी थोडं थोडं करून खत द्यायलाच लागतं. कुंडीत दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत. जुन्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, त्याला मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम. कडा पिवळ्या होऊन करपल्या तर पालाश (पोटॅश) कमी, हे फळं जोरात लागलेली असताना दिसतं.

कोवळी पानं मात्र वेगळी गोष्ट सांगतात. शेंड्याकडचं पान पिवळसर पांढरं आणि त्यात शिरांची हिरवी जाळी उठून दिसतेय, तर लोह. सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाड्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत हे फार दिसतं. जमिनीत लोह असतं पण सामू (मातीचा pH) जास्त असल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही, त्यामुळे तिथे नुसती हिराकस (फेरस सल्फेट) टाकून फारसा उपयोग होत नाही, टाकलेलंही अडकून बसतं. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) अर्धा ते एक ग्रॅम लिटरला घेऊन संध्याकाळी फवारा आणि पुढच्या पिकाआधी भरपूर शेणखत घाला.

आता केवडा, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू. पावसाळी काकडीचा खरा वैरी हाच आणि याच्यावर जरा जास्त बोलायलाच पाहिजे कारण हा ओळखायला चार दिवस उशीर झाला तर अख्खा प्लॉट जातो. पानावर वरून पिवळे डाग दिसतात, पण ते गोल नसतात, शिरांच्या चौकटीत अडकलेले असल्यामुळे कोनाकोनाचे, तुकडे जोडून गोधडी शिवल्यासारखे दिसतात. सकाळी दव असताना पान उलटं करा, डागाच्या बरोबर मागे राखाडी-जांभळट बुरशी दिसेल. ऊन चढल्यावर ती नीट दिसत नाही, म्हणून दुपारी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. खात्री नसेल तर डाग असलेलं पान आणि एक ओला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर घरात ठेवा, केवडा असेल तर बहुतेक वेळा सकाळी मागे लव आलेली असते. पान पाच-सहा तास ओलं राहिलं आणि हवा थंड असली की याला पसरायला एवढं पुरतं, १५ ते २० अंश तापमान याला फार मानवतं, म्हणून ढगाळ रिमझिम आठवड्यात तो एकदम उठतो. भुरी वेगळी, तिच्यात पानावर पांढरी पिठासारखी पावडर वरच्या बाजूलाही दिसते आणि तिला पान ओलं असण्याची गरज नसते. दोन्हीची औषधं वेगळी, हे ध्यानात ठेवा.

केवड्यासाठी डाग दिसलेली खालची पानं आधी कोरड्या वेळी काढून पिशवीत भरून बाहेर न्या, बांधावर टाकू नका. पाणी वरून देणं बंद, ठिबक नाहीतर सरीतून, तेही सकाळी. वेल जमिनीवर लोळत असेल तर ताटी करून वर चढवा. मॅन्कोझेब लिटरला २ ते २.५ ग्रॅम हे रोग यायच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला चालतं, ते पानावर नुसता थर करून बसतं, आत शिरत नाही, त्यामुळे पानाची मागची बाजू भिजली नाही तर फवारणी वाया. रोग पुढे गेला असेल तर मेटॅलॅक्झिल अधिक मॅन्कोझेबसारखं आंतरप्रवाही, म्हणजे पानात शिरणारं मिश्रण लागतं, पण तेच तेच परत मारू नका, बुरशी त्याला सरावते. डब्यावर काकडीचं नाव आहे का आणि फवारणीनंतर किती दिवसांनी तोडा करायचा हे वाचल्याशिवाय डबा फोडू नका. काकडी आपण न शिजवता खातो आणि तोडा दिवसाआड असतो, तेव्हा जो माल प्रतीक्षेच्या दिवसांत तयार होईल तो विकायचाही नाही आणि घरातही खायचा नाही. फवारणी संध्याकाळी करा, सकाळी फुलांवर मधमाश्या असतात आणि त्या गेल्या तर फळं वाकडी लागतात.

उन्हाळ्यात याच्या उलट चित्र असतं. पानावर बारीक बारीक पिवळे ठिपके, पान निस्तेज, धुळकट, मागे बारीक जाळी, तर लाल कोळी. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, ठिपके चालायला लागले की कळलं. घरी पाण्याचा जोराचा फवारा पानाच्या मागे दोन-तीन दिवसाआड मारा, आणि निंबोळी अर्क ५ टक्के, म्हणजे ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून. कोळ्यावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं) मारू नका, त्याने कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी वाढतो. गंधकही कडक उन्हात नको, वेलवर्गीय पानं भाजतात, आणि निंबोळी तेलाच्या जवळच्या दिवसांत तर अजिबात नको.

पान हिरवं-पिवळं चट्ट्यापट्ट्याचं, शेंड्याची पानं लहान नि आकसलेली, फळावर गाठीगाठी, तर तो मोझॅक व्हायरस, आणि त्याला औषध नाही. कुणी "व्हायरसचं औषध" म्हणून महागडी बाटली देत असेल तर पैसे खिशातच ठेवा. असा वेल लगेच उपटून गाडा. हा मावा पसरवतो, आणि माव्याने पानात सोंड घातल्यावर थोड्याच वेळात रोग पुढच्या झाडाला जातो, त्यामुळे नंतर कीटकनाशक मारून तो थांबत नाही. लागवडीपासूनच चंदेरी मल्चिंग (जमिनीवर अंथरायचा प्लॅस्टिक कागद), कडेने मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी, आणि पिवळे चिकट सापळे, हेच काय ते.

राहिली मर, म्हणजे वेल सुकवणारा बुरशीचा रोग. एका बाजूची पानं पिवळी, वेल पाणी असूनही सुकतोय आणि संध्याकाळीही ताठ होत नाही. तो वेल उपटा, बुडाशी खोड उभं चिरा, आत तपकिरी रेषा दिसली तर मर, मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारे अगदी बारीक कृमी. तो वेल वाचत नाही, शेजारचे वाचवायचे. पुढच्या लागवडीला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) शेणखतात मिसळून द्या, सूत्रकृमीला निंबोळी पेंड, आणि त्या वाफ्यात दोन-तीन वर्षं काकडी, दोडका, कारली, कलिंगड काहीच घेऊ नका. सूत्रकृमी असेल तर एक हंगाम झेंडू लावा, मरीच्या जागी कांदा किंवा मका चालेल.