शासकीय खुला डेटा वापरण्यापूर्वी

शासनाने आकडे संकेतस्थळावर टाकले म्हणजे ते खुले झाले असे नव्हे. यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात आणि पुनर्वापराच्या स्पष्ट परवान्यासह मिळणारा डेटाच खुला म्हणता येतो. म्हणून प्रथम परवाना वाचावा आणि पीडीएफऐवजी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी मजकूर-) फाइल उतरवून घ्यावी. मूळ फाइल जशीच्या तशी जपून काम तिच्या प्रतीवरच करावे, कारण स्प्रेडशीटमध्ये ती थेट उघडल्यास ‘००४५’सारख्या संकेतांकातील सुरुवातीची शून्ये गळून ‘४५’ उरते आणि मग तो दुसऱ्या तक्त्याशी जुळेनासा होतो. यासाठी संकेतांकाचा स्तंभ आयात करतानाच ‘मजकूर’ म्हणून निवडावा.

यानंतरचे काम माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच अनेकदा टाळले जाते: सोबतचे स्पष्टीकरण बारकाईने वाचणे. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, आणि अर्थसंकल्पातील तरतूद म्हणजे प्रत्यक्ष खर्च नव्हे. येथे गल्लत झाली की प्रामाणिक विश्लेषणही नागरिकांची दिशाभूल करते. स्तंभाचा अर्थ उमगत नसेल, तर अंदाज न बांधता संबंधित विभागाला लेखी विचारावे. निष्कर्ष मांडताना फाइलचा दुवा व ती उतरवल्याची तारीख अवश्य द्यावी, कारण त्याच दुव्यावरील फाइल पुढे बदललेली असू शकते.