प्लाय कापण्याआधी माणसं शोधा

मॉडेल रेल्वेच्या छंदात नव्याने येणारा माणूस पहिल्यांदा विचारतो ते स्केलबद्दल, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या कितव्या हिश्श्याचं असावं याबद्दल. एचओ घेऊ, ओओ घेऊ की एन? माझं उत्तर ठरलेलं आहे: तुमच्या घरापासून तासाभरात जिथे पोचता येतं, तिथल्या छांदिष्टाकडे जो स्केल आहे तो घ्या. कंट्रोलर त्याच्याकडे आहे तोच, डबे जोडणारे कपलर त्याचेच, रूळही शक्यतो त्याच मालिकेतले. कॅटलॉगमध्ये याहून सरस काही दिसेल आणि ते खरंही असेल. पण रविवारी सकाळी इंजिन एकाच सांध्यावर (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी) पुन्हा पुन्हा घसरायला लागलं, की ते डब्यात घालून ज्याच्याकडे नेता येतं आणि ज्याच्या रुळांवर लगेच चालवून बघता येतं, तो माणूस जास्त मोलाचा. तिथे इंजिन नीट चाललं तर दोष बहुधा तुमच्या सांध्यात. तिथेही घसरलं तर चाकांत. निम्मं निदान तिथल्या तिथे होतं.

थोडे आकडे माहीत असले की या मंडळींचं बोलणं समजतं. एचओ म्हणजे 1:87 आणि ओओ म्हणजे 1:76, पण दोन्हींच्या रुळांमधलं अंतर एकच, 16.5 मिलिमीटर. एन म्हणजे 1:160, रूळ 9 मिलिमीटरचे. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. 1:87ने तो 19.3 मिलिमीटर यायला हवा, म्हणून भारतीय इंजिन 16.5च्या रुळांवर ठेवलं की चाकं किंचित आत गेल्यासारखी दिसतात. यावर तासन्‌तास चर्चा चालते आणि ती ऐकण्यासारखी असते. जे 19.3चा मार्ग धरतात ते रूळ, सांधे, चाकांच्या जोड्या सगळं हाताने बनवतात. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. तरीही पहिल्या लेआउटला, म्हणजे रूळ-डोंगरांच्या तुमच्या पहिल्या मांडणीला, 16.5च घ्या, कारण तयार सांधे त्यातच मिळतात आणि मदतीला येणाऱ्या माणसाचा हातही त्यावरच बसलेला असतो.

आता ही माणसं भेटतात कुठे? पुण्यात असाल तर कोथरूडचं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय ही पहिली जागा. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून ते उभं राहिलं आणि 1998पासून लोकांसाठी खुलं आहे. मुलांना घेऊन एकदा जा आणि मग एकदा एकटे जा. दुसऱ्या वेळी गाड्यांकडे कमी बघा. रूळ कुठे दिसेनासे होतात, गाडी किती वेळाने परत येते, सिग्नल कधी बदलतो, दिवे कुठून लावलेत, हे बघा. शेजारी उभा असलेला एखादा प्रौढ माणूस हेच बघत असेल तर त्याच्याशी बोला. फलाटाच्या टोकाला कॅमेरा घेऊन उभी असणारी रेल्वेप्रेमी मंडळी ही दुसरी जागा. त्यांच्यातल्या काहींच्या घरी पलंगाखाली रूळ असतातच. शिवाय रेल्वेशी संबंध नसलेले दोन गट विसरू नका: रिमोटची विमानं उडवणारे, कारण त्यांचं सोल्डरिंग पक्कं असतं, आणि आर्किटेक्चरची मुलं, कारण उतार, झाडं, घरं लहान मापात करायची सवय त्यांना कॉलेजात लागलेली असते. माझ्या लेआउटवरचे डोंगर अशाच एका विद्यार्थिनीकडून शिकून झाले.

माणूस भेटला की विचारायचं कसं, हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. "माझ्याकडे आठ बाय चारची जागा आहे, काय करू?" या प्रश्नाला कुणी उत्तर देऊ शकत नाही. मी माझ्या गावच्या ओढीने खंडाळ्याचा घाट करायचा ठरवलं होतं. लाकूडकामात मुरलेल्या एका काकांकडे गेलो तेव्हा आलेखाच्या कागदावर खोलीचा नकाशा नेला होता: दार कुठे, ते कुठल्या बाजूला उघडतं, खिडकी, प्लगचे पॉइंट. खाली तीन ओळी लिहिल्या होत्या. 8 बाय 4 फुटांचा प्लाय, 457 मिलिमीटर त्रिज्येचं वळण, एलएचबीचे (नव्या धाटणीचे लांब प्रवासी) डबे आणि एक मार्ग दुसऱ्यावरून नेणारा पूल. हे सगळं एकत्र बसतं का, एवढाच प्रश्न.

काकांनी पेन्सिल काढली आणि तिथेच हिशोब मांडला. एलएचबीचा डबा साधारण साडेतेवीस मीटरचा, म्हणजे एचओत 27 सेंटिमीटर. 457च्या वळणावर एवढ्या लांब डब्याची टोकं बाहेर फेकली जातात आणि कपलर एकमेकांना ओढतात. याउलट मालगाडीची उघडी बॉक्सएन वॅगन पावणेअकरा मीटरची, मॉडेलमध्ये जेमतेम 12 सेंटिमीटर. ती त्या वळणावर शोभून दिसते. मग पूल. एका गाडीवरून दुसरी न्यायची तर रूळ आठ सेंटिमीटर उचलायला हवेत. भोर घाटाचा, म्हणजे खंडाळ्याच्याच घाटाचा, खरा चढ 37ला 1. त्याच चढाने आठ सेंटिमीटर चढायला जवळजवळ तीन मीटर लागतात, उतरायला तेवढेच. आणि माझ्या प्लायवर बसणारा पूर्ण फेरा होता पावणेसहा मीटरच्या आसपास. फलाटाला, सांध्यांना सपाट जागा उरतच नव्हती.

"रूळ वर नेऊ नकोस," काका म्हणाले, "जमीन खाली ने." म्हणजे रूळ एकाच पातळीवर ठेवायचे, त्यांच्याभोवतीचा प्लाय कापून काढायचा आणि दरी खाली बांधायची. गाडी चढत नाही, पण बघणाऱ्याला ती कड्यावरून जाताना दिसते. या एका वाक्याने माझ्या लेआउटचं रूप ठरलं. एलएचबी बाजूला ठेवली आणि बॉक्सएनची मालगाडी घेतली; कर्जतहून लोणावळ्यापर्यंत मागून ढकलणारी बँकर इंजिनं मला लहानपणापासून प्रिय, तीही आली. प्लाय अजून दुकानात होता, हे इथे लक्षात घ्या. कापलेल्या प्लायवर हा सल्ला मिळाला असता तर तो नुसताच ऐकून घ्यावा लागला असता.

सांगाडा काकांच्या देखरेखीखाली झाला. त्यांचे दोन आग्रह सगळ्यांना उपयोगी पडतील. पहिला, हात पोचण्याचा: उभं राहून पाऊण मीटरच्या पलीकडे काम करता येत नाही, म्हणून चार फूट रुंद लेआउट भिंतीला चिकटवायचा असेल तर त्याच्या पायांना चाकं हवीतच. दुसरा, पावसाळ्याचा. बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला दाद न देणारा, प्लाय घ्यायचा आणि सगळ्या कापलेल्या कडांना, खालच्या बाजूलाही, रंगाचा हात द्यायचा. दमट हवेत लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि त्याबरोबर रूळ ओढले जातात. म्हणून रुळांच्या काही जोडांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट सोडायची. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी तर ही फट विसरूच नये.

विजेसाठी मी एका ताईंकडे गेलो. त्या डीसीसी, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा आदेश देणारी डिजिटल पद्धत, वापरतात म्हणून मीही डीसीसी घेतलं; साधं 12 व्होल्टचं डीसी घेतलं असतं तरी गाडी धावलीच असती. डीसी की डीसीसी या वादात पडण्यापेक्षा बिघाड झाला तर कोण येणार, हे बघा. ताईंनी पहिल्याच दिवशी मला चार गोष्टी करायला लावल्या. लेआउटखालून घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची जोडवायर फिरवायची, एक लाल आणि एक काळी. रुळांच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यापासून वेगळी बारीक वायर द्यायची. रूळ एकमेकांना जोडणाऱ्या नुसत्या जॉइनरवर विसंबायचं नाही. प्रत्येक जोड झाला की मल्टिमीटर लावायचा, सगळं झाल्यावर नाही. आणि इंजिन ठेवण्याआधी, यंत्रणा चालू करून, रुळांवर जागोजागी आडवं नाणं ठेवून बघायचं. बूस्टरने, म्हणजे रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राने, तत्क्षणी वीज तोडली पाहिजे. जिथे तुटत नाही तिथे वायर बारीक आहे किंवा सोल्डर कच्चं आहे, आणि पुढे तिथेच शॉर्ट झाला तर डबा वितळू शकतो.

विजेच्या माणसाला नकाशा आधीच दाखवण्याचं आणखी एक कारण आहे. गाडी वळून त्याच मार्गावर उलटी परत येईल असा फाटा काढला, की डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि शॉर्ट होतो. त्यावर उपाय आहे, पण तो रूळ ठोकण्याआधी करणं सोपं. आणि एक कळकळीची सूचना: अमेरिकेतून भाऊ, आत्या, मुलगी असं कुणी ट्रेनचा सेट आणला असेल, तर त्याच्या पॉवरपॅकवर छापलेला व्होल्टेज वाचल्याशिवाय प्लग लावू नका. तिथला पुरवठा 120 व्होल्टचा, आपला 230चा. नुसती पिन बदलून भागत नाही.

रेल्वेतून निवृत्त झालेला, सिग्नल आणि सांध्यांवर काम केलेला माणूस ओळखीत असेल तर त्याला आवर्जून बोलवा. त्याने कधी मॉडेल हातात धरलेलं नसलं तरी चालेल. माझ्याकडे आलेल्या आजोबांनी खाली वाकून वायरी बघितल्या आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना क्रमांक लावायला सांगितलं, सोबत एक वही ठेवायला सांगितली. मग बोगद्यात हात घालून म्हणाले, इथे सांधा ठेवायचा नाही; जिथे डोळा आणि हात दोन्ही पोचत नाहीत तिथे सांधा नको. घसरण जास्त करून सांध्यावरच होते, त्यामुळे हा नियम मी आता प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

डोंगरांचं काम सगळ्यात आनंदाचं. प्लास्टर बँडेज औषधांच्या दुकानात मिळतात, त्या ओल्या करून जाळीवर किंवा थर्माकोलवर पसरायच्या. माती मात्र आपलीच वापरा, विकतच्या रंगीत भुश्यापेक्षा ती कितीतरी खरी दिसते. चाळून, उन्हात वाळवून घ्या आणि मग त्यातून चुंबक फिरवा. आपल्या काळ्या पाषाणाच्या मातीत लोहाचे कण भरपूर असतात. ते चुंबकाला झुपकेच्या झुपके चिकटलेले पाहिले की कळतं, इंजिनाच्या मोटरमध्ये काय गेलं असतं. हे मला त्या आर्किटेक्चरच्या मुलीने नव्हे, ताईंनी सांगितलं. म्हणूनच एकाच जाणकारावर थांबू नये. खडी चिकटवायला फेविकॉल पाण्यात पातळ करून त्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकायचा, म्हणजे ते खडीत मुरतं.

कुणाला घरी कामाला बोलवाल तेव्हा दिवसाचं एकच काम ठरवा. साहित्य आदल्या दिवशी आणून ठेवा. जाणता माणूस आल्यावर स्क्रू आणायला खाली पळणं हा त्याच्या वेळेचा अपमान आहे. पोहे, चहा हवाच. त्याचं हत्यार त्याच दिवशी पुसून परत द्या. दुसऱ्याचं इंजिन विचारल्याशिवाय उचलू नका, आणि उचललंत तर दोन्ही हातांनी. कुणी थ्रीडी प्रिंट करून इंजिनाचं कवच काढून देत असेल तर साहित्याचे आणि वेळेचे पैसे स्वतःहून विचारा. सल्ल्याने काय झालं ते नंतर कळवा, फोटो पाठवताना शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. दोन जाणकारांचे सल्ले जुळले नाहीत तर त्यांना एकमेकांविरुद्ध उभं करू नका. ज्याच्याबरोबर पुढे काम करणार त्याचा माना आणि दुसऱ्याला तसं मोकळेपणाने सांगा.

"मला तर काहीच येत नाही, मी काय परत देणार?" असं नवी मुलं विचारतात. खूप काही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चाकं पुसणं, रुळांखालचे शेकडो स्लीपर रंगवणं, वायरींना क्रमांक लावणं, लांब प्लायचं दुसरं टोक धरणं, ही कामं प्रत्येकाकडे साचलेली असतात. ती करताना कानावर जे पडतं ते मागून मिळत नाही.

आणि वन बीएचकेत 8 बाय 4 कुठे ठेवणार, असा प्रश्न असेल तर टी-ट्रॅक बघा. जपानी मांडणीवरून पुढे आलेली ही एन स्केलची पद्धत आहे. प्रत्येकाने ठरलेल्या मापाचा छोटा खोका करायचा, साधा खोका सुमारे 31 सेंटिमीटर लांबीचा, त्यावर दोन समांतर मार्ग. सगळे भेटतात तेव्हा खोके टेबलांवर जोडले जातात आणि गाडी सगळ्यांच्या अंगणातून फिरते. खोका कपाटात मावतो, खर्च थोडा, आणि एका खोक्यावर सुतारकाम, वीज, डोंगर सगळं शिकून होतं. चार जण जमत असतील तर सुरुवातीला कोपऱ्यांचे खोके कोण करणार एवढं ठरवा. वळणाशिवाय फेरा पूर्ण होत नाही, आणि ते काम दोघांनी मिळून घेतलेलं बरं.